सुनेच्या नावाचं रजिस्टर पत्र

२३ फेब्रुवारी, रविवार

श्री महालक्ष्मी प्रसन्न. नवी वही आजपासून.

सुनेचं सामान आलं ते असं: लोखंडी कपाट एक, आरसा कोपऱ्यात तडकलेला. गादी एक. पितळी हंडा एक. स्टीलचे डबे सात. पुस्तकांची खोकी चार. टेम्पोभाडं तलासरी ते सरावली अठराशे, ते आपण दिलं. उतरवायला अमृत आणि शेजारचा रघ्या. रघ्याला चहा आणि वीस रुपये.

खोक्यांत भांडी असतील असं वाटून मी एक उचलायला गेले, तर कंबरच धरली. मलमाची डबी पस्तीस रुपये. म्हणजे तिच्या पुस्तकांनी पहिल्याच दिवशी मला खर्चात पाडलं.

सून जयश्री. एम.एस्सी., विषय झाडंझुडपं. वर बी.एड. आमचा अमृत आयटीआय, उंबरगावला कंपनीत फिटर. लग्न ठरलं तेव्हा सगळा पाडा म्हणाला, सुदामच्या घरात एवढी शिकलेली पोरगी येते, नशीब काढलं. मीही म्हटलं, नशीब. मनातून नक्की काय म्हटलं ते आठवत नाही.

आजवर या पाड्यात सगळ्यात जास्त शिकलेली बाई मी होते. दहावी पास, त्रेसष्ट टक्के, १९९४. हे फक्त नोंद म्हणून लिहिलं.

९ मार्च, रविवार

एक बचत झाली. जयश्रीचं जुनं सिमकार्ड बंद केलं. अमृतचा रिचार्ज वेगळा, हिचा वेगळा, दोन कशाला? संध्याकाळी तो आला की त्याचा फोन घरातच असतो.

ती म्हणाली, "आई, सगळ्या अर्जांवर तोच नंबर दिलाय मी."

मी म्हटलं, "पत्ता दिला आहेस ना? ज्याला बोलवायचं तो पत्र पाठवील. खरं काम पत्रावरच होतं."

तिने अमृतकडे बघितलं. अमृतने ताटाकडे बघितलं.

मग ती म्हणाली, बाकीच्यांना नवीन नंबर कळवते, पण तलासरीची एक संस्था आहे, त्यांचा कारभार अजून जुन्या पद्धतीचा, सगळं रजिस्टर पोस्टाने. तिथे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची जागा आहे आणि तिला तीच हवी आहे. तिच्या माहेरच्या डोंगरातल्या पोरी तिथे राहून शिकतात.

मला ती संस्था आवडली. रजिस्टर पोस्ट म्हणजे कसं, सहीला सही.

१८ मार्च, मंगळवार

उपास. राजगिऱ्याचा लाडू आणि चहा.

लाहूबाबा वनपट्ट्याच्या जमिनीचा कागद घेऊन आले. पंचवीस वर्षं या पाड्याचे अर्ज मी लिहिते. रेशनकार्ड, विहिरीची मोटार, पोरांचे दाखले, जमिनीच्या तक्रारी. माझ्याकडे कार्बन पेपर असतो, स्थळप्रत ठेवते. म्हणून मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि चष्मा शोधू लागले.

लाहूबाबा म्हणाले, "बाय, तू ऱ्हाऊं दे. तुझी सून आहे ने? ती फोनवर करते म्हणतात."

संध्याकाळी अमृत आल्यावर जयश्रीने त्याच्या फोनवर दहा मिनिटांत केलं. लाहूबाबांचा अंगठा लागला, फोटो लागला, फोनवर नंबरसुद्धा आला. माझ्या अर्जाला कधी नंबर आला नाही. तहसीलदार कचेरीत शिक्का मारून घ्यायला मी चार-चार तास उभी राहिले आहे.

लिहिणावळ म्हणून मी कधी पैसे घेत नाही. लोक चार अंडी, मूठभर उडीद, काकडी असं काही आणून देतात. लाहूबाबांनी आज चार अंडी आणली आणि तिच्या हातात दिली.

तिने लगेच उकडून दोन माझ्या ताटात ठेवली. मी म्हटलं, आज मंगळवार आहे. तिने जीभ चावली. खरंच विसरली असेल. पण एम.एस्सी. झालेल्या बाईला आठवड्याचे वार माहीत असावेत.

५ एप्रिल, शनिवार

नरपडच्या वाडीत चिकू निवडायला आठ दिवस जाते आहे. हे तिथे राखणीला आहेत, शेठची माणसं ओळखीची. यंदा जयश्रीही म्हणाली येते, घरात बसून काय करू. अजून नोकरीचं काही नाही. चार ठिकाणी अर्ज, एका ठिकाणी तासाप्रमाणे पैसे देतो म्हणाले, त्यात बसभाडंही निघत नव्हतं.

आज हजेरी मिळाली. मला साडेतीनशे, तिला साडेतीनशे.

हे लिहिताना मला बरं वाटतं आहे. खोटं कशाला लिहू? वही माझी आहे.

हिरू आमच्याबरोबर बसते, तिला तोंड आवरत नाही. म्हणाली, "काय गो जयश्री, सतरा वर्षं शिकलीस आणि हजेरी आमच्याएवढीच? मग आमचीच चूक कमी झाली म्हणायची."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही, फक्त खाली बघितलं, कारण सासूने हसणं बरं दिसत नाही.

जयश्रीही हसली. म्हणाली, "हजेरी सारखीच, मावशी. पण मला कंटाळा तुमच्यापेक्षा कमी येतो."

"तो कसा?"

तिने एक चिकू उचलला, देठाजवळ बारीक भोक होतं. आत अळी आहे, ती फळ पिकायच्या आधी बीपर्यंत कशी पोचते, पतंग कुठे अंडी घालतो, पडलेली फळं झाडाखाली ठेवली तर पुढच्या वर्षी काय होतं, सगळं सांगत बसली. हिरूचा हात थांबला. यंदा दहावीची परीक्षा दिलेली चिमी तर तोंड उघडं टाकून ऐकत होती. चिमी आजवर माझ्याशेजारी बसायची, आज सरकून पलीकडे गेली.

शेवटी जयश्री म्हणाली, "झाडाजवळ बसलं की मला एकटं वाटत नाही. ते काय करतंय ते मला कळतं."

मी तीस वर्षं या झाडांखाली बसते. मला ते फक्त झाड दिसतं. घरी येताना रस्त्याने मी तीन-चार झाडांकडे मुद्दाम बघितलं. काही झालं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा. महामार्गावर गाड्यांची रांग. ओटीचं सामान एकशे दहा, नारळ पस्तीस, रसाचे ग्लास चार, ऐंशी. रस मी नको म्हणत होते.

महालक्ष्मीपुढे सुनेला नोकरी लागू दे असं मागितलं. सासूने मागायला हवं म्हणून मागितलं. तोंडाने पूर्ण मागितलं. मन जरा मागे राहिलं होतं, गर्दी फार होती.

जयश्रीने काय मागितलं विचारलं तर म्हणाली, "मी काही मागत नाही देवीकडे. नुसतं बघते." शिकलेल्यांचं असं असतं. आणि एवढं म्हणून तिचा चेहरा माझ्यापेक्षा शांत.

१४ मे, बुधवार

पोस्टमन दिपक दुपारी आला. दिपक बी.ए. आहे आणि सायकलवरून पत्रं वाटतो. शिकून काय होतं असं कुणी विचारलं की मी त्याचं नाव घेते, त्याला माहीत नाही. मला मावशी म्हणतो.

"मावशी, रजिस्टर आहे. खरपडे, जयश्री अमृत. आहेत का वहिनी?"

जयश्री वाडीत गेली होती, मी दाढदुखीने घरी. म्हटलं, दे, मी सासू आहे. त्याने सही घेतली. पोचपावती म्हणून पाठवणाऱ्याकडे परत जातं त्या गुलाबी कार्डावर मी सावकाश, पूर्ण सही केली, तारीख घातली. दिपक म्हणाला, "काय अक्षर आहे हो मावशी, छापल्यासारखं." मी त्याला पाणी दिलं.

पाकीट जाडसर, तपकिरी. वर तलासरीच्या त्या संस्थेचा शिक्का. नाव टाइप केलेलं: श्रीमती जयश्री अमृत खरपडे, एम.एस्सी., बी.एड.

मी बराच वेळ ते धरून ओटीवर बसले. माझ्या नावाचं रजिस्टर पत्र आयुष्यात कधी आलं नाही. लग्नाआधी नाही, नंतर नाही. सगळ्या पाड्याची पत्रं मी वाचली. पण माझं नाव टाइप करून, पुढे काहीतरी लावून, असं कुणी कधी पाठवलं नाही. पुढे काय लावणार? दहावी पास?

दुसऱ्याचं पत्र फोडणं पाप आहे. मी फोडलं नाही. देव्हाऱ्यात महालक्ष्मीच्या फोटोखाली लाल कापड असतं, त्याच्या खाली ठेवलं. म्हणजे देवीच्या पायाशीच ठेवलं. चांगलं पत्र असेल तर आशीर्वाद लागेल.

रात्री देईन.

१५ मे, गुरुवार

रात्री दिलं नाही. ती दमून आली होती. सकाळी अमृतशी कशावरून तरी हसत होती, मध्येच कशाला?

मग वाटलं, देवीलाच विचारावं. आमच्याकडे विचारायची रीत अशी: डोळे मिटून तांदळाची चिमूट घ्यायची आणि दाणे जोडीजोडीने मांडायचे. सगळ्या जोड्या पुऱ्या आल्या तर होय. एक उरला तर नाही. माझी आजी असंच विचारायची, पेरणीचं, सोयरिकीचं.

विचारलं, पत्र आज द्यावं का?

सात जोड्या झाल्या आणि शेवटी एक दाणा उरला. पण तो तुटका होता, अर्धाच. तुटका दाणा मोजायचा की सोडायचा? सोडला तर होय. मोजला तर नाही. आजी असती तर सांगितलं असतं.

मी मोजला. देवीच्या तांदळातलं काही टाकू नये.

२० मे, मंगळवार

उपास. पुन्हा विचारलं. पहिल्यांदा होय आलं. चिमूट फार लहान होती, चारच जोड्या, म्हणून पुन्हा घेतली. नाही आलं. तिसऱ्यांदा घेणं योग्य नाही, देवीला सतावल्यासारखं होतं.

जयश्रीने संध्याकाळी विचारलं, "आई, टपाल काही आलं का?"

मी म्हटलं, "दिपक काही या बाजूला दिसला नाही." आज दिसला नव्हता, ते खरं.

चहापत्ती अर्धा किलो, दोनशे वीस. महाग झाली.

२३ मे, शुक्रवार

विशेष काही नाही. तिने चिंचेखालचा पालापाचोळा गोळा करून कोपऱ्यात खत करायला घातला. चिमी मदतीला. चिमी आता रोज येते. अकरावीला नाव घालायचं म्हणते. तिची आई म्हणते, घालून काय होतं, जयश्री बघ चिकू निवडते. चिमी म्हणाली, "निवडताना बघ ना ती कशी असते."

मला हे वाक्य दिवसभर टोचत राहिलं. मी निवडताना कशी असते, ते कुणी बघितलं असेल का?

२६ मे, सोमवार

जयश्री सकाळी एकटीच तलासरीला गेली, संस्थेत चौकशी करते म्हणून. मी जाऊ नको म्हणू शकले नाही. कारण काय सांगणार? डबा बांधून दिला. डब्याचं झाकण दोनदा तिरकं बसलं, ते तिने बघितलं. म्हणाली, "दाढ अजून दुखते का, आई?"

दिवसभर देव्हाऱ्याकडे पाठ करून काम केलं.

साडेपाचला आली. पाय धुतले, पाणी प्यायली, भाकऱ्या थापायला बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "मुलाखती शुक्रवारी झाल्या."

त्याच शुक्रवारी. मी वहीत विशेष काही नाही असं लिहिलं आहे.

मला तारीख माहीत नव्हती. पाकीट फोडलंच नव्हतं तर कळणार कशी? मला वाटत होतं, दहा-पंधरा दिवसांनी दिलं तरी चालेल. हे मी देवाशपथ लिहिते.

एवढं सांगून तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. भाकऱ्या अकरा झाल्या, एकही करपली नाही.

२७ मे, मंगळवार

उपास. पाणीसुद्धा गोड लागत नाही.

अमृत कामावर गेला, हे वाडीत. घरात आम्ही दोघीच. ती तांदूळ निवडत होती, मी कांदे. ती म्हणाली, खाली बघूनच,

"आई, तुमचं अक्षर खरंच सुंदर आहे. तिथे कार्डावर बघितलं मी. चौदा तारीख."

एवढंच. आणि सुपातला खडा काढून बाजूला ठेवला.

तिने आरडाओरडा केला असता तर मीही केला असता. मला जमतं. ती रडली असती तर मी पाठीवरून हात फिरवला असता, तेही जमतं. हे काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

मी उठले, लाल कापड बाजूला केलं आणि पाकीट आणून तिच्या पुढे ठेवलं. त्याला कुंकू लागलं होतं, एका कोपऱ्यावर समईच्या तेलाचा डाग.

तिने उलटसुलट करून बघितलं. "फोडलेलं नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही आख्ख्या पाड्याची पत्रं वाचता, आणि हे वाचलंसुद्धा नाहीत?"

मी म्हटलं, "दुसऱ्याचं पत्र वाचू नये."

ती हसली. खरंच हसली. मग हसता हसता तोंडावर पदर घेतला आणि मागच्या दाराने बाहेर गेली, चिंचेकडे. पंधरा मिनिटं आली नाही. मी तांदूळ निवडून संपवले.

२८ मे, बुधवार

यांना काल रात्री सांगितलं. वाटलं ओरडतील. विडी विझवली आणि विचारलं, "अमृतच्या आई, तुला नक्की कशाचा राग आला होता?"

मी म्हटलं, राग नाही. मी देवीला विचारत होते.

म्हणाले, "पंधरा दिवस?"

मग कूस बदलून झोपले. माझं उत्तर ऐकायला थांबलेही नाहीत.

आज कळलं ते असं: संस्थेत जागा दोन होत्या. एक भरली. दुसरीसाठी पाच जूनला पुन्हा मुलाखती आहेत. कारकुनाने जयश्रीला सांगितलं, गैरहजर का राहिलात ते लेखी द्या, कारण पटलं तर प्राचार्य बोलावतील. पोस्टानेच पाठवा, आवक नोंदवहीत चढलं पाहिजे.

दुपारी ती अर्ज लिहायला बसली. पाणी घ्यायला उठली तेव्हा मी डोकावले. तिच्या अर्जात होतं: 'टपाल वितरणातील विलंबामुळे पत्र वेळेत मिळू शकले नाही.'

मी तिथेच उभी राहिले. ती परत आली, मी विचारलं, "हे काय लिहिलंस?"

"दुसरं काय लिहू, आई?"

"कार्डावर चौदा तारीख आहे. माझी सही आहे. ते कार्ड त्यांच्या फायलीत आहे."

"सही कुणाची ते कोण बघतं?"

"सगळ्यात आधी तेच बघतात. मग पोस्टात विचारणा जाईल. दिपक अजून कायम झालेला नाही, त्याच्यावर शेरा बसेल."

तिने ती ओळ खोडली. मग म्हणाली, "मग मी लिहिते की पत्र मिळालं होतं, मीच आजारी होते."

"डॉक्टरचा दाखला?"

"तो नाही."

"मग टिकणार नाही."

एम.एस्सी. झाली, पण साधा अर्ज लिहिता येत नाही. हे मी तोंडाने बोलले नाही. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा माझी पाठ ताठ झाली, ते खरं आहे.

मग मी विचारलं, "माझं नाव का लिहीत नाहीस?"

म्हणाली, "घरातलं बाहेर कशाला? तुम्हाला पाड्यात लोक मानतात."

म्हणजे शिक्षणही तिचं, झाडंही तिची, चिमीही तिची, आणि आता मोठेपणासुद्धा तिनेच घ्यायचा? मी तिच्या उपकाराखाली या घरात राहायचं, रोज तिच्या हातची भाकरी खायची आणि ती कधीच काही बोलणार नाही? ते मला जमणार नाही. त्यापेक्षा तिने चार शिव्या द्यायला हव्या होत्या.

म्हटलं, "सरक. अर्ज मी लिहिते."

२९ मे, गुरुवार

पहाटे आंघोळ करून बसले. तांदळाचे दाणे घेतले नाहीत.

तीन कागद फुकट गेले. दुसऱ्यांसाठी लिहिताना हात थांबत नाही. आज प्रत्येक ओळीला थांबला. आठनंतर जयश्री बाहेर आली, माझ्यासमोर चहा ठेवला. लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "आई, हे पाठवू नका. माझं काहीही होवो." मी म्हटलं, एकही चूक सापडली का ते सांग. म्हणाली, नाही सापडली.

मी विचारलं, "तुझ्यापेक्षा चांगला आहे ना?"

म्हणाली, "खूप."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं वेगळ्या कारणाने असावं.

उत्तरासाठी पाकीट सोबत जोडायचं असतं. त्यावर पत्ता लिहिताना अर्जदार म्हणून आपसूक माझं नाव लिहिलं गेलं: सरिता सुदाम खरपडे. चांगलं दिसत होतं. थोडा वेळ बघितलं. मग ते पाकीट या वहीत ठेवलं आणि दुसरं घेतलं. पाकिटं दोन, दहा रुपये. पोस्टात स्वतः जाऊन रजिस्टर केलं. दिपकला तिथेच सगळं सांगितलं. तो म्हणाला, मावशी, मी आज तुमच्याशी बोलणार नाही. बरोबर आहे त्याचं.

स्थळप्रत खाली उतरवते.

प्रति,
माननीय प्राचार्य महोदय,
कनिष्ठ महाविद्यालय, तालुका तलासरी.

विषय: सौ. जयश्री अमृत खरपडे या दिनांक २३ मे रोजी मुलाखतीस गैरहजर राहिल्या, त्याचे खरे कारण कळविणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, मी सदर उमेदवाराची सासू असून आपले रजिस्टर पत्र दिनांक १४ मे रोजी मी स्वतः सही करून घेतले. पोस्टमनने पत्र वेळेवर दिले. त्यांची काही चूक नाही. उमेदवाराला पत्र मिळाले नाही, कारण मी ते दिले नाही. बारा दिवसांनी तिला ते आपल्या कचेरीत कळले. तिचा फोन नंबरही माझ्याच सांगण्यावरून बंद झाला होता.

पत्र मी देवापुढे ठेवले होते. परंतु तो देवाचा दोष नाही. मी ते का दिले नाही याचे कारण लिहावे लागेल म्हणून लिहिते. मी दहावी पास आहे. त्यापुढे शिकायची इच्छा होती, ती कुणी मोडली असे नाही, कुणी विचारलेच नाही. घरात माझ्यापेक्षा शिकलेली बाई आली, ते मला सहन झाले नाही. याहून दुसरे कारण मी शोधून पाहिले, सापडले नाही.

शिकलेली सून आणि मी एकाच वाडीत एकाच हजेरीवर चिकू निवडतो. तेव्हा शिक्षणाचा काय उपयोग असे लोक विचारतात, मीही विचारत होते. परंतु ती शेजारी बसून फळातल्या अळीबद्दल सांगते तेव्हा बायकांचे हात थांबतात. आमच्या पाड्यातली एक मुलगी तिचे ऐकून अकरावीला नाव घालायला निघाली आहे. आपल्याकडच्या मुलींनी ते ऐकावे असे मला वाटते. मला तर ते घरात ऐकायला मिळतेच आहे. मी ते आजवर कबूल केले नव्हते.

चूक माझी आहे. शिक्षा तिला होऊ नये. मला कचेरीत बोलावल्यास मी हजर राहीन. पाच जूनच्या मुलाखतीस तिला बोलवावे ही नम्र विनंती.

सोबत पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट जोडले आहे. त्यावर तिचेच नाव आहे, तिच्या पदव्यांसह. मी घरी असले आणि सही करायची वेळ आलीच, तर करीन आणि ती जिथे असेल तिथे, वाडीत असली तर वाडीत, त्याच दिवशी चालत नेऊन तिच्या हातात देईन. वेळ फार थोडा आहे. आपला निर्णय काहीही असो, कृपया उलट टपाली कळवावा.

आपली विश्वासू,
सरिता सुदाम खरपडे,
दहावी पास,
मुक्काम सरावली, तालुका डहाणू.